चार रात्री, बहामाज आणि एक शिक्का

मार्चमध्ये अमेरिकेतली कॉलेजं आठवडाभर बंद होतात आणि पोरं समुद्राकडे धाव घेतात. फ्लोरिडाहून निघणाऱ्या स्प्रिंग ब्रेकच्या क्रूझवर तीन मराठी मुलींनी केलेल्या धमालीची ही गोष्ट. आणि बोटीवर न चढलेल्या चौथीचीही!

मार्च महिना म्हटला की आपल्या पोटात गोळा येतो. इयर एंडिंग, टार्गेट, अप्रेझलचे फॉर्म, इन्व्हेस्टमेंटच्या पावत्या मागणारे अकाउंट्सवाल्यांचे मेल... सुट्टी मागायची हिंमत कोण करणार? नेमक्या याच महिन्यात तिकडे अमेरिकेतली कॉलेजकुमार मंडळी बॅगेत शॉर्ट्स आणि सनस्क्रीन कोंबत असतात. कारण मार्च म्हणजे स्प्रिंग ब्रेक!

आपल्या दिवाळीच्या सुट्टीसारखा याला सणवार नाही. जानेवारीत सुरू झालेल्या सेमिस्टरच्या मध्यावर, मिडटर्म परीक्षांच्या सुमारास, एक आठवडा कॉलेज बंद. बस, एवढंच. प्रत्येक युनिव्हर्सिटीचा आठवडा वेगळा. त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कुणाची ना कुणाची सुट्टी चालूच असते, आणि मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा म्हणजे पीक सीझन.

मार्च २०२५ मध्ये मी फ्लोरिडात होते. माझी मामेबहीण तिथल्या एका युनिव्हर्सिटीत एमएसच्या शेवटच्या सेमिस्टरला होती. डोंबिवलीचा फ्लॅट बँकेकडे गहाण ठेवून मामाने तिच्यासाठी एज्युकेशन लोन काढलेलं. मे महिन्यात डिग्री, त्यानंतर नोकरीचा शोध. "ताई, नोकरी लागली की सुट्टी नाही आणि नाही लागली तर मूड नाही. जायचं तर आत्ताच," हा तिचा फंडा. तिच्या दोन रूममेट्स, एक पुण्याची आणि एक नागपूरची. घरात दोघींना गावाच्याच नावानं हाका मारतात, तेव्हा मीही तेच करते. पुणेकर, नागपूरकर, बहीण आणि मी अशा चौघी. मियामीहून बहामाजला चार रात्रींची क्रूझ, चौघींत एक केबिन. बुकिंग ऑक्टोबरातच झालेलं.

बीचनं हाकललं, बोटीनं बोलावलं

स्प्रिंग ब्रेकचा उगम पार्टीत नाही, पोहण्यात आहे. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट युनिव्हर्सिटीचे पोहणारे विद्यार्थी (हो, साबण-टूथपेस्टवाले तेच कोलगेट घराणं!) थंडीत सरावासाठी फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला यायला लागले. तिथे समुद्राकाठी मोठा तलाव होता. पाठोपाठ दुसऱ्या कॉलेजांच्या टीम आल्या, त्यांचे दोस्त आले. १९६० मध्ये 'व्हेअर द बॉइज आर' हा हॉलिवूडपट आला. सुट्टीत फोर्ट लॉडरडेलला गेलेल्या चार कॉलेजकन्यांची गोष्ट. मग काय, अख्ख्या अमेरिकेला या गावाचा पत्ता कळला.

१९८५ मध्ये तिथे साडेतीन लाखांच्या आसपास विद्यार्थी धडकले. गाव पार वैतागलं. उघड्यावर दारू पिण्यावर बंदी आली, आणि महापौरांनी चक्क राष्ट्रीय टीव्हीवर जाऊन पोरांना सांगितलं की बाबांनो, येऊ नका! पोरं तिथून डेटोना बीचला गेली. १९८६ पासून एमटीव्हीचे कॅमेरेही तिथेच. पुढे पनामा सिटी बीचचा नंबर लागला. तिथेही तेच झालं आणि २०१६ पासून मार्चमध्ये बीचवर दारू बंद झाली. मार्च २०२४ मध्ये तर मायामी बीचनं हद्दच केली. 'स्प्रिंग ब्रेक, आता आपलं ब्रेकअप' अशा अर्थाचा व्हिडिओच शहरानं काढला. बाहेरगावच्या गाड्यांना पार्किंग शंभर डॉलर!

गावं अशी एकेक करून दार लावत असताना बोटी मात्र 'या, बसा' म्हणत होत्या. क्रूझच्या धंद्याला तरुणांची गोडी लावली ती कार्निव्हल कंपनीनं. टेड अ‍ॅरिसन यांनी १९७२ मध्ये ती सुरू केली तेव्हा क्रूझ म्हणजे श्रीमंत म्हाताऱ्यांचं काम, असा समज होता. कार्निव्हलची पहिली बोट 'मार्डी ग्रा' मार्च १९७२ मध्ये पहिल्याच फेरीत मियामीबाहेर वाळूत रुतून बसली. पण पुढे स्वस्त भाडं आणि 'फन शिप'चा नारा यावर कंपनी तरली, नव्हे, सुसाट सुटली. आता या तीन-चार रात्रींच्या छोट्या फेऱ्यांसाठी कंपन्या अगदी नव्याकोऱ्या बोटीही लावतात. जुलै २०२४ मध्ये आलेली रॉयल कॅरिबियनची 'युटोपिया ऑफ द सीज' ही महाकाय बोट पहिल्या दिवसापासून पोर्ट कॅनाव्हरलहून तीन-चार रात्रींच्याच फेऱ्या मारू लागली.

एकवीसचा उंबरठा

आता तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र आलं असेल, म्हणजे डेकवर बेभान नाचणारी अठरा-एकोणीसची पोरं, ते जरा बाजूला ठेवा. अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटींवर बहुतेक मोठ्या कंपन्या एकवीसच्या आतल्यांना एकटं बुकिंगच देत नाहीत. सोबत मोठं माणूस हवं. ते किती वर्षांचं आणि कोण, याचे नियम कंपनीगणिक वेगळे. दारूलाही एकवीस पूर्ण हवीत. खोटं आयकार्ड दाखवण्याची सोयच नाही, कारण बोटीवरचं कार्ड म्हणजे तुमची किल्ली, पाकीट आणि ओळखपत्र, सगळं एकात. बारवाल्यानं ते मशीनला लावलं की त्याच्यासमोर तुमचा फोटो आणि वयच येतं.

म्हणजे कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं आईबाबांबरोबर असतील तरच बोटीवर दिसणार. शाळांचाही ब्रेक याच दिवसांत असतो, त्यामुळे पूलमध्ये फुगे बांधलेली चिल्लीपिल्ली भरपूर. आणि एकेकटे ग्रुप करून आलेले खरे स्प्रिंग ब्रेकर कोण? तर शेवटच्या वर्षाचे आणि एमएसचे विद्यार्थी. आपली देशी जनता त्यात उठून दिसते! आमच्याच बोटीवर दोन तेलुगू ग्रुप होते आणि एक गुजराती. लिफ्टमध्ये गुजराती ग्रुपनं ठेपला ऑफर केला, तेव्हा पुणेकरच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पैशांचं म्हणाल तर केबिनचं भाडं दोघांच्या हिशोबानं असतं. तिसरी-चौथी व्यक्ती त्याच केबिनमध्ये राहिली तर तिला स्वस्त पडतं. चौघींत मिळून टॅक्ससकट माणशी साडेचारशे डॉलरच्या आसपास पडले, म्हणजे तेव्हाच्या भावानं एकोणचाळीस हजार रुपये. त्यात राहणं, जेवण, शो आले. दारू, कोल्डड्रिंक, वायफाय आणि टिप वेगळी. एकटा माणूस गेला तर त्याला बहुतेक वेळा दोघांचं भाडं भरावं लागतं. लग्न न झालेल्यांवरचा हा टॅक्सच म्हणा ना!

बहामाजलाच का?

इथवर सगळं मस्त चाललेलं. माशी शिंकली ती एका जुन्या कायद्यापाशी.

मियामीच्या बंदरात उभ्या असलेल्या बोटींचा झेंडा बघा. बहामाज, पनामा, माल्टा... कंपन्या अमेरिकन, बंदर अमेरिकन, प्रवासी अमेरिकन, पण बोटीची नोंदणी परदेशात. कर वाचतो आणि कामगार कायदेही सोयीचे पडतात. आता १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे. तो म्हणतो, परदेशी झेंड्याच्या बोटीनं अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी वाहायचे नाहीत. म्हणून मियामीहून निघून मियामीलाच परतायचं असेल, तर वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. बहामाज अगदी हाकेच्या अंतरावर. म्हणून छोट्या क्रूझ तिकडे जातात. कंपन्यांची ती जाहिरातीतली 'प्रायव्हेट आयलंड'सुद्धा बरीचशी बहामाजच्याच हद्दीत आहेत.

अमेरिकन माणसाला याचं काही वाटत नाही. अशा जाऊन-येऊन फेरीला त्याला जन्मदाखला आणि फोटोचं ओळखपत्र असलं तरी चालतं. आपल्याला मात्र नसॉमध्ये दोन तास भटकून परत येणं म्हणजे अमेरिकेबाहेर जाऊन पुन्हा अमेरिकेत शिरणं. विद्यार्थी असाल तर पासपोर्ट, एफ-वन व्हिसाचा चालू शिक्का आणि युनिव्हर्सिटीनं प्रवासासाठी सही करून दिलेला आय-ट्वेंटी हा कागद, ही त्रिमूर्ती हवीच.

नागपूरकरनं बीएससुद्धा अमेरिकेतच केलेलं. तिचा पाच वर्षांचा शिक्का जानेवारीत संपला होता. देशात राहायला याची काही अडचण नसते. शिक्षण नियमानुसार चालू असेल आणि आय-ट्वेंटी चालू असेल तर शिक्का संपला तरी मुक्काम कायदेशीर असतो. प्रश्न येतो तो बाहेर जाऊन परत यायचा. त्यालाही एक पळवाट, म्हणजे रीतसर नियमातली वाट, आहे. तीस दिवसांपर्यंत कॅनडा किंवा मेक्सिकोला, आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत क्युबा सोडून शेजारच्या बेटांवर जाऊन आलं, तर संपलेल्या शिक्क्यावरही परत घेता येतं. बहामाज या शेजारच्या बेटांत मोडतं. ऑक्टोबरात बुकिंग करताना नागपूरकरनं हा नियम कोळून प्यायला होता. कंपनीला विचारून झालं होतं, प्रिंटआउटही काढून ठेवलेला.

पण ऑक्टोबर वेगळा होता आणि मार्च वेगळा. वॉशिंग्टनमधलं सरकार बदललेलं. विमानतळांवर लोकांना अडवल्याच्या, परत पाठवल्याच्या बातम्या रोज येत होत्या. नेमकं त्याच सुमारास ब्राउन युनिव्हर्सिटीनं स्प्रिंग ब्रेकच्या तोंडावर आपल्या परदेशी विद्यार्थ्यांना आणि स्टाफला मेल पाठवला. देशाबाहेरचा वैयक्तिक प्रवास पुढे ढकलण्याचा विचार करा, असा त्यात सल्ला होता. व्हिसा, ग्रीन कार्ड असणाऱ्यांनासुद्धा!

आमच्या निघायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात चौघींची बैठक बसली. मॅगी थंड झाली तरी कुणी हात लावेना. डोंबिवलीहून मामाचा फोन. "कशाला नसता उद्योग? मे महिन्यापर्यंत गप घरात बसा की." बहिणीचा शिक्का २०२८ पर्यंतचा, आय-ट्वेंटीवरची सही दोन महिन्यांपूर्वीची. पुणेकरचंही तसंच. कागद एकदम चोख. पण चोख कागद असताना घाबरायचं की नाही, हाच तर वाद!

शेवटी नागपूरकरच बोलली. "हे बघा, नियम माझ्या बाजूचा आहे, पण खिडकीपलीकडे बसलेला ऑफिसर तो मानेल का, हे मला इथे बसून कळणार नाही. आणि त्यानं नाही म्हटलं तर मी मियामीत नाही, थेट नागपुरात. दोन महिन्यांवर डिग्री आलीये. मी नाही येत. तुम्ही जा."

भाड्याचे पैसे गेले. पोर्टचा टॅक्स तेवढा परत मिळाला. आम्ही तिघींनी तिचा वाटा उचलायची तयारी दाखवली, तर बाईसाहेब भडकल्या. "हिशोब म्हणजे हिशोब." आणि वर सोमवारी सकाळी पाच तास गाडी चालवून आम्हाला बंदरावर सोडायलाही तीच आली.

बहिणीनं जायचं ठरवलं, कारण तिचं म्हणणं साधं होतं. "कागद पूर्ण असताना मी घाबरून बसले, तर उद्या बाबांना भेटायला घरी जायचं असेल तेव्हा काय करू?" मला ते पटलं. मामाला पटलं नाही. तो चार दिवस झोपला नाही, असं मामी नंतर म्हणाली.

शिस्तीतला धुडगूस

बोटीवर चढल्यावर पहिलं काम कॉकटेल नव्हे, कवायत! आपला मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, शोधायची. लाइफ जॅकेट कसं घालायचं ते फोनवर किंवा टीव्हीवर बघायचं आणि त्या जागी जाऊन कार्ड दाखवून हजेरी लावायची. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट खडकाला आपटून आडवी झाली, ३२ जण गेले. काही प्रवाशांची तोवर कवायतच झालेली नव्हती. तेव्हापासून बोट सुटण्याआधी ही हजेरी सक्तीची झाली.

मग बोट हलली. मियामीच्या बंदरातून बाहेर पडताना ती साउथ बीचच्या अगदी काठाकाठानं जाते. बीचवर पोलिसांच्या गाड्या, इकडे आमच्या डेकवर डीजे. दोन्ही ठिकाणी स्प्रिंग ब्रेकच!

आमची केबिन खिडकी नसलेली, पावणेदोनशे चौरस फुटांच्या आसपास. अमेरिकन माणूस अशा केबिनला नाकं मुरडतो. मुंबईकराला त्यात चाळीतली खोली दिसते, आणि वर अ‍ॅटॅच्ड बाथरूम! चौथा पलंग छतात दुमडलेलाच राहिला. रात्री झोपताना तिघींचं लक्ष तिकडे जायचंच.

दिवस कसे गेले ते सांगायला नकोच. पहाटे चारला पिझ्झा, दुपारी पाण्याच्या घसरगुंड्या, संध्याकाळी कराओके. पुणेकरनं मराठी गाणं नाही म्हणून यादीवाल्याशी वाद घातला. रात्री क्लबमध्ये तुफान गर्दी. पण एक गोष्ट पहिल्या रात्रीच लक्षात आली. हा धुडगूस फार शिस्तीत चालतो. प्रत्येक कोपऱ्यावर कॅमेरा, दर मजल्यावर सिक्युरिटी. कार्निव्हलच्या अमर्याद म्हणवणाऱ्या ड्रिंक पॅकेजमध्येसुद्धा चोवीस तासांत पंधरा ड्रिंक्सनंतर मशीन 'बस' म्हणतं. फारच दंगा केला तर पुढच्या बंदरात उतरवून देतात, घरी आपापल्या खर्चानं जा!

मुलींनी एकमेकींची साथ मात्र सोडू नये. २०१० मध्ये अमेरिकेनं क्रूझवरच्या सुरक्षेसाठी कायदा केला. डेकचा कठडा किमान ४२ इंच उंच, केबिनच्या दाराला बाहेरचं दिसेल असं छिद्र, गंभीर गुन्ह्यांची खबर एफबीआयला देणं सक्तीचं. ही आकडेवारी सरकार प्रसिद्ध करतं आणि त्यात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी ठळक असतात. म्हणून आमचा नियम एकच होता. क्लबमधून निघायचं तर तिघींनी, ग्लास खाली ठेवला तर तो पुन्हा उचलायचा नाही.

शंखाची कोशिंबीर

बुधवारी नसॉ. बोटीतून पाच हजार माणसं एकदम उतरली की बे स्ट्रीटचं दादर होतं! स्ट्रॉ मार्केटमध्ये पिशव्या, टोप्या आणि घासाघीस. 'लास्ट प्राइस' हे शब्द तिथेही चालतात. बहामाजचा डॉलर आणि अमेरिकेचा डॉलर एकाच भावाचे, त्यामुळे पैसे बदलायची कटकट नाही.

बाजारापासून चालत गेलं की क्वीन्स स्टेअरकेस लागतो. खडकात खोदलेली खोल वाट आणि पासष्ट पायऱ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामांनी हातांनी खडक फोडून तो केला. वर चढून गेल्यावर छोटा किल्ला आणि त्यापलीकडे बंदरात उभ्या असलेल्या बोटी, गावातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा उंच. तिथे पाच मिनिटं कुणी सेल्फी काढला नाही.

दुपारी अ‍ॅरावाक केला जाऊन कॉन्च सॅलड खाल्लं. कॉन्च म्हणजे मोठ्या शंखातला प्राणी. समोरच तो बाहेर काढून, बारीक चिरून त्यात कांदा, टोमॅटो, मिरची आणि भरपूर लिंबू. आपली कोशिंबीरच, पण समुद्रातली. मिरची तिथली जाम तिखट असते. कोल्हापूरकरांनीही सांभाळून खावी.

डेक नऊवरचा मालवणी

बोटीवर प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर नावाची पाटी आणि खाली देश असतो. आमच्या टेबलावरच्या वेटरच्या पाटीवर 'इंडिया' होतं. आम्ही आपसात मराठीत बोलताना ऐकून तो थबकला. "मराठी का? खंयचे तुमी?" मालवण तालुक्यातला निघाला. त्यानंतर चार दिवस आमच्या टेबलावर न मागता हिरव्या मिरच्या येऊ लागल्या.

गोव्यात आणि कोकणात 'बोटीवर आहे' एवढं म्हटलं तरी पुढचं कळतं. एका कंत्राटात सहा-नऊ महिने समुद्र, मग एक-दोन महिने घर. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. भारतानंही २०१५ मध्ये हा करार स्वीकारला. पण आठवड्याची सुट्टी ही भानगड बोटीवर नसते. "मार्च म्हणजे आमची दिवाळी, ताई. फक्त फराळ दुसऱ्यांचा," तो हसत म्हणाला. डिसेंबरात चढलेला. "गणपतीला उतरणार म्हणजे उतरणार. नायतर बोट वळवून नेईन देवगडला."

नागपूरकरची हकीकत ऐकून त्यानं मान डोलावली. त्यालाही अमेरिकेच्या बंदरात यायला वेगळा व्हिसा लागतो, सी-वन-डी नावाचा. दर आठवड्याला मियामी, पण बंदराबाहेर पाय ठेवायला मिळतो जेमतेम दोन-तीन तास. कधी तेही नाही. "तुमच्या मैत्रिणीनं बरोबर केलं," तो म्हणाला. "पाण्यावर धाडस चालतं. कागदावर नाय चालत."

शुक्रवारची रांग

शुक्रवारी सकाळी जाग आली तेव्हा बोट मियामीत लागलेली. बुफेवर शांतता. अमेरिकन पोरं कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून सटासट बाहेर पडत होती. आम्ही पासपोर्टवाल्यांच्या रांगेत. बहिणीच्या हातात प्लॅस्टिकचा फोल्डर, त्यात आय-ट्वेंटी, युनिव्हर्सिटीचं पत्र, फीच्या पावत्या, सगळं. फोल्डर थरथरत होता की हात, कळेना.

ऑफिसरनं विचारलं, काय शिकतेस? डिग्री कधी? बहामाजमध्ये काय केलं? बहीण म्हणाली, शंख खाल्ला. तो हसला. कागद उलटसुलट बघितला, पासपोर्ट परत दिला. दोन मिनिटं. पुणेकरला तर एकच प्रश्न. माझ्या टुरिस्ट व्हिसाकडे त्यानं नीट पाहिलंही नाही.

बाहेर येऊन बहिणीनं पहिला फोन डोंबिवलीला लावला. तिकडे संध्याकाळ झालेली. मामा एवढंच म्हणाला, "बरं. आता जेवतो."

पार्किंगमध्ये नागपूरकर उभी. आमच्यापेक्षा दुप्पट रापलेली! आम्हाला सोडून ही पठ्ठी घरी गेलीच नव्हती. मियामीहून गाडी थेट दक्षिणेला घेऊन की वेस्टला. बेटांना जोडणारा समुद्रावरचा रस्ता, सात मैलांचा पूल, दोन्ही बाजूंना निळंशार पाणी. टोकाला एक रंगीत खांब, त्यावर लिहिलंय, क्युबा ९० मैल. हॉस्टेलच्या खाटेवर चार रात्री, खाडीत पोहणं, संध्याकाळी धक्क्यावर सूर्यास्त. सगळं अमेरिकेतल्या अमेरिकेत, पासपोर्ट बॅगेतून न काढता.

पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२५ मध्ये, अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी एकाएकी रद्द झाल्या. कित्येकांच्या नावावर फक्त जुना ट्रॅफिकचा दंड होता. देशभर कोर्टात खटले उभे राहिले, आणि महिनाअखेर सरकारनं नोंदी पूर्ववत करत असल्याचं कोर्टात सांगितलं. आमच्या तिघी त्यातून सुटल्या. मे महिन्यात तिघींनी काळे डगले घालून डिग्री घेतली. मामा-मामी त्या समारंभाला हजर होते. मामानं नागपूरकरला जवळ बोलावून शंभर डॉलरची नोट हातात ठेवली. "बोटीचे गेलेले पैसे," म्हणाला. तिनं या वेळी हिशोबाचा मुद्दा काढला नाही.

जाण्याआधी एवढं बघा

• अमेरिकेत शिकणाऱ्यांनी बुकिंगच्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारावं, नंतर नव्हे. आय-ट्वेंटीवरची प्रवासाची सही एक वर्षाच्या आतली हवी. डिग्रीनंतर ओपीटीवर असाल तर सहा महिन्यांच्या आतली.

• भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, ते तपासावं. बोट जिथे थांबणार त्या देशाचे भारतीय पासपोर्टसाठीचे नियम काय, हे क्रूझ कंपनीकडून लेखी घ्यावं.

• गर्दी नको असेल तर मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा आणि ईस्टर टाळा. तरुण गर्दी हवी असेल तर तीन ते पाच रात्रींच्या फेऱ्या बघा. सात रात्रींवर कुटुंबं जास्त.

• टिप आपोआप बिलात लागते, माणशी रोज सोळा ते वीस डॉलरच्या आसपास. बजेटमध्ये आधीच धरा.

• बोट सुटली की फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रातलं रोमिंग भाड्यापेक्षा महाग पडू शकतं.

• शिक्का संपलाय? की वेस्ट आहेच की!